शांत आणि थंड डेस्कटॉप कसा जोडावा

कॉम्प्युटरचा आवाज कमी करायचा म्हटलं की बहुतेकजण आधी पंखे शोधू लागतात. महागडे पंखे, मोठा कूलर, आतून फोम लावलेलं कॅबिनेट असं सगळं घेऊनही मशीन घोंगावतच राहतं, कारण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. पंख्याला कुणीतरी पळवतं म्हणून तो आवाज करतो, आणि त्याला पळवणारी गोष्ट म्हणजे उष्णता. त्यामुळे आधी उष्णता कमी करायची, मग हवेला मोकळी वाट द्यायची, मग मोठे पंखे सावकाश फिरवायचे आणि शेवटी त्या गतीत उगाच चढउतार होणार नाहीत अशी सेटिंग करायची. सुटे भाग निवडण्यापासून शेवटच्या सेटिंगपर्यंत या लेखात मी हाच क्रम ठेवला आहे.

आधी वॅटचा हिशेब

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. गेम खेळताना तुमचं मशीन ३०० वॅट घेत असेल, तर ३०० वॅटची उष्णता सतत कॅबिनेटबाहेर काढावी लागणार. खोलीतली हवा आत शिरून १० अंशांनी तापून बाहेर पडते असं धरलं, तर या कामाला तासाला साधारण ९० घनमीटर हवा लागते. पंख्यांच्या खोक्यावर जो सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा छापलेला असतो, त्या मापात हे सुमारे ५३ होतात. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या हवेत बाराशेच्या आसपास आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) एवढी हवा ढकलतो. कॅबिनेटमध्ये जाळी, फिल्टर आणि केबल आड येतात, त्यामुळे प्रत्यक्षात बरीच कमी हवा जाते. तरीही तीन मोठे पंखे निवांत फिरून ३०० वॅट सहज बाहेर काढतात. ६०० वॅट असतील तर हवा दुप्पट लागते, आणि खरी अडचण इथे सुरू होते.

पंख्याची गती दुप्पट केली की हवा दुप्पट मिळते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने वाढतो. डेसिबल ही साधी बेरीज-वजाबाकीची मोजपट्टी नाही. १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे १५ डेसिबलची वाढ ही शांत खोलीत जाणवणार नाही असं होऊच शकत नाही. याउलट, गती तीच ठेवून पंखे एकाचे दोन केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. पुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला या दोन आकड्यांवर उभा आहे. हवा वाढवायची तर पंखे वाढवा किंवा मोठे घ्या, गती वाढवू नका. आणि शक्य असेल तर मुळात हवेची गरजच कमी करा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड: उष्णता इथेच कापायची

प्रोसेसर निवडताना कामगिरीच्या तक्त्याबरोबर तो किती वॅट घेतो हेही बघा. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची टर्बो मर्यादा, म्हणजे पूर्ण वेगात घ्यायची कमाल वीज, २५३ वॅट आहे. एएमडीच्या रायझन ७ ७७०० ची अधिकृत टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट आहे आणि पूर्ण भाराखाली तो ८८ वॅटच्या आसपास थांबतो. ऑफिसचं काम, प्रोग्रॅमिंग, फोटो एडिटिंग, गेम यांपैकी बहुतेक कामांत या दोघांमधला फरक आकड्यांत दिसतो, पण वापरताना क्वचितच जाणवतो. आवाजातला फरक मात्र रोज जाणवतो. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने मोठा प्रोसेसर जरूर घ्यावा, फक्त त्याला मर्यादा घालावी.

मर्यादा कशी घालायची? बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) इंटेलच्या बोर्डांवर पीएल१ आणि पीएल२ अशा दोन वीजमर्यादा असतात. पहिली दीर्घकाळाची, दुसरी थोड्या वेळाच्या झपाट्याची. एएमडीच्या बोर्डांवर वीज कमी करणारा इको मोड असतो. काही मदरबोर्ड या मर्यादा कारखान्यातूनच सैल सोडून देतात, म्हणून नवीन मशीन चालू केल्यावर हे पान एकदा स्वतः उघडून बघाच. चिपला शेवटचे काहीशे मेगाहर्ट्‌झ गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शेवटच्या थोड्याशा वेगासाठी विजेची आणि उष्णतेची फार मोठी किंमत मोजावी लागते. तो टप्पा सोडून दिला की कामगिरी किंचित उतरते आणि उष्णता धाडकन खाली येते.

ग्राफिक्स कार्डाला हेच आणखी जोरात लागू होतं, कारण गेमिंगच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त उष्णता तेच सोडतं. आरटीएक्स ४०७० चा वीजवापर २०० वॅट धरला जातो आणि आरटीएक्स ४०९० चा ४५० वॅट. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० टक्क्यांवर आणून बघा. बहुतेक कार्डांवर वेग थोडाच कमी होतो. त्यापुढे जायचं असेल तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज द्या: आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा, ठरावीक कमी व्होल्टेजला तुम्हाला हवी ती फ्रिक्वेन्सी बसवा आणि त्यापुढचा आलेख सपाट करा. एका वेळी थोडंच बदला, अर्धा-पाऊण तास गेम चालवा, मशीन अडकलं किंवा चित्रात ठिपके दिसले तर एक पाऊल मागे या. प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असते, म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

आणखी एक उपाय फार सोपा आहे आणि तरीही लोक विसरतात. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर कार्डाला सेकंदाला २५० फ्रेम (चित्रं) काढू देण्यात काहीच अर्थ नाही. फ्रेमना १४० च्या आसपास मर्यादा घाला. वीज वाचते, पंखे उतरतात, आणि कॉइल व्हाइन म्हणून ओळखली जाणारी ती बारीक किरकिरही बरीच कमी होते. हा आवाज पंख्याचा नसतो. कार्डावरच्या किंवा पॉवर सप्लायमधल्या कॉइल विजेच्या चढउताराने कंप पावतात, त्याचा असतो, आणि फ्रेम फार जास्त असल्या की तो वाढतो. पंखे बदलून तो कधीच जात नाही.

एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या कूलरसह विकतात. त्यांतलं जाड हीटसिंकचं (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांचं), तीन पंख्यांचं कार्ड घ्या. शांततेसाठी जास्तीचा खर्च करायचाच असेल तर मी तो आधी इथे करीन, कारण कार्डाचा कूलर नंतर बदलणं हे कटकटीचं काम आहे. कॅबिनेटचे पंखे मात्र कधीही बदलता येतात.

कॅबिनेट: फोम नको, जाळी हवी

आतून आवाज शोषणारं अस्तर आणि समोर बंद दार अशी कॅबिनेटं शांत म्हणून विकली जातात. कमी वॅटच्या मशीनला ती चालतात. पण समोरून हवा फक्त कडेच्या फटींमधून येत असेल, तर आत गरम हवा साचते, पंखे वेगाने पळतात आणि अस्तराने जो आवाज अडवला त्यापेक्षा जास्त नव्याने तयार होतो. समोर पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट आवाज अडवत नाही, पण त्यात अडवण्याजोगा आवाजच फारसा होत नाही. २५०-३०० वॅटच्या वरच्या मशीनसाठी माझं मत स्पष्ट आहे: जाळी.

जाळीही नीट बघून घ्या. भोकं फार बारीक आणि त्यामागे पुन्हा दाट फिल्टर असेल, तर पंख्याला ओढायला जोर लागतो. जाळी पंख्याच्या पात्यांना अगदी चिकटून असेल तर पाती फिरताना हवा फाटते आणि एक वेगळाच घुमारा येतो. हवा आत ओढण्याच्या बाजूला अडथळा असला की आवाज जास्त होतो, बाहेर सोडण्याच्या बाजूला तेवढा नाही. म्हणून समोरची जाळी आणि पंखा यांच्यात बोटभर अंतर असलेलं कॅबिनेट चांगलं. मागच्या बाजूला पत्र्यातच कापलेली जुन्या पद्धतीची जाळी असण्यापेक्षा तारेची किंवा षटकोनी मोठ्या भोकांची जाळी बरी.

खरेदीआधी तीन मापं जुळवा: कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि समोर किती मिलिमीटरचे पंखे बसतात. मोठे हवेचे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर पूर्ण १६५. अरुंद कॅबिनेटचं झाकण यावर बसत नाही. समोर १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर १२० पेक्षा तेच घ्या. मोठा पंखा तेवढीच हवा कमी गतीला देतो आणि त्याचा आवाजही खालच्या पट्टीतला, कानाला कमी टोचणारा असतो.

पंखे किती आणि कुठे

बहुतेक मशीनना समोर दोन १४० मिलिमीटरचे पंखे आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर सोडणारा, एवढं पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग फटींमधून हवा बाहेरच्या दिशेने जाते आणि फिल्टर नसलेल्या वाटेने धूळ आत येत नाही.

वर पंखे लावावेत का, यावर बराच गोंधळ असतो. गरम हवा वर जाते हे खरं, पण फिरत्या पंख्यांपुढे त्या नैसर्गिक ओढीचा जोर नगण्य असतो. वरच्या बाजूला पुढच्या टोकाला बाहेर सोडणारा पंखा लावला, तर समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच तो उचलून बाहेर टाकतो. वर लावायचाच असेल तर मागच्या टोकाला लावा. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल आणि कॅबिनेटच्या तळाला जागा असेल, तर तिथे खालून हवा देणारा एक सावकाश पंखा वरच्या दोन पंख्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पंखा निवडताना त्यावर लिहिलेली कमाल गती आणि कमाल सीएफएम यांना फार भाव देऊ नका, तुम्ही त्या गतीला तो कधी चालवणारच नाही. तो ४००-५०० आरपीएमला स्थिर फिरतो का आणि त्याचं बेअरिंग कोणतं, हे बघा. साधं स्लीव्ह बेअरिंग सुरुवातीला शांत असतं, पण आडवं बसवलं की लवकर झिजतं आणि मग खरखर सुरू होते. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण कमी गतीला त्याची बारीक टिकटिक ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग हा शांत मशीनसाठी समतोल पर्याय आहे. चार पिनचे पीडब्ल्यूएम पंखे (वेगळ्या सिग्नलने गती ठरवणारे) घ्या. त्यांचा नियंत्रणाचा सिग्नल २५ किलोहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे कानाच्या पल्ल्याबाहेर असतो, आणि ते खूप कमी गतीलाही नीट चालतात. तीन पिनच्या पंख्यांची गती व्होल्टेज कमी करून उतरवावी लागते आणि व्होल्टेज फार उतरलं की काही पंखे सुरूच होत नाहीत.

प्रोसेसरचा कूलर: हवा की पाणी

साधारण १८० वॅटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी मी दोन मनोऱ्यांचा (हीटसिंकचे दोन उभे ठोकळे असलेला) हवेचा कूलरच सुचवीन. त्यात हलणारी वस्तू फक्त पंखा. बिघडला तर पाच मिनिटांत दुसरा लावता येतो, आणि हीटसिंक वर्षानुवर्षं चालतो. पाण्याच्या बंद कूलरमध्ये पंप सतत चालू असतो. मशीन काहीच करत नसताना, पंखे जवळपास थांबलेले असताना, त्या शांततेत पंपाची गुणगुण स्पष्ट उरते. पाण्याचा फायदा मोठ्या, सततच्या भाराखाली आहे: ३६० मिलिमीटरचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) २५० वॅट पसरवून तीन पंख्यांना हळू फिरू देतो.

पाण्याचा कूलर घेतलाच तर रेडिएटर असा बसवा की त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील. आत थोडी हवा असतेच, आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असेल तर पंप गुळगुळ आवाज करत राहतो आणि लवकर खराब होतो. पंपाची गती बायोसमधून एका आकड्यावर पक्की करा. तापमानाबरोबर वरखाली होणारा पंप फार त्रास देतो.

पॉवर सप्लाय आणि साठवण

९० टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय ३०० वॅट देताना स्वतः ३३ वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तेवढ्याला त्याचा पंखा जोरात फिरण्याची गरज नसते. गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घेतला की तो आरामात चालतो. ८० प्लस गोल्डचं बोधचिन्ह कार्यक्षमतेचं आहे, आवाजाचं नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्सचं वेगळं मानांकन असतं, ते बघा. कमी भाराला पंखा पूर्ण थांबवणारे पॉवर सप्लाय चांगले, पण पंखा सतत सुरू-बंद होत असेल तर मागचं बटण दाबून तो कायम हळू फिरत ठेवलेला बरा.

साठवणीसाठी एसएसडी घ्या, विषय संपला. जुनी फिरती हार्ड डिस्क ठेवायचीच असेल तर एवढं लक्षात घ्या की ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तो कंप पत्र्यातून सगळ्या कॅबिनेटमध्ये जातो. रबरी वॉशरवर बसवा, नाहीतर ती दुसऱ्या खोलीतल्या नेटवर्क स्टोरेजमध्ये हलवा.

जोडणी

मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्यावर ठेवून काम सुरू करा. प्रोसेसर सॉकेटमध्ये कोपऱ्याची खूण जुळवून अलगद ठेवा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी तिरकं आहे. रॅम दोन असतील तर बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच बसवा, बहुधा प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरी आणि चौथी. एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी) बसवून त्यावरचं हीटसिंक लावताना थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.

थर्मल पेस्टबद्दल जितकी चर्चा होते तितका फरक तिच्या नावाने पडत नाही. पसरट मोठ्या प्रोसेसरवर मधोमध एक थेंब आणि चार कोपऱ्यांकडे छोटे थेंब टाका. कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, नुकसान होत नाही. कमी पडली तर एखादा कोपरा कोरडा राहतो, आणि तो कोपरा नेमका गाभ्याच्या वर असेल तर तापमान दहा अंशांनीही चढू शकतं. कूलरच्या तळावरची फिल्म काढा. मग स्क्रू कर्णाच्या दिशेने, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर तळ एका बाजूला कलतो.

कूलरच्या पंख्याची दिशा तपासा. ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे हवी. रॅम उंच असेल तर पुढचा पंखा थोडा वर सरकवता येतो, पण मग कॅबिनेटची उंची पुन्हा मोजा.

इथपर्यंत झालं की बाहेरच एकदा वीज देऊन मशीन सुरू होतं का बघा. नंतर सगळं उलगडण्यापेक्षा हे बरं. मग कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना ते मोजा, जादा असेल तो काढा. पंखे स्क्रूऐवजी रबरी पिनांनी लावले तर पत्र्याला जाणारा कंप कमी होतो. केबल मागच्या बाजूने न्या. केबल नीट बांधल्याने तापमानात मोठा फरक पडत नाही, पण सुटी केबल पंख्याच्या पात्याला लागली की टकटक सुरू होते, आणि ती नेमकी मशीन बंद करून झाकण लावल्यावर सापडत नाही. म्हणून पंख्याजवळची प्रत्येक वायर बांधून टाका.

कूलरचा पंखा 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा. बाकीच्या हेडरवर (बोर्डावरच्या पंख्यांच्या पिनांवर) एकापेक्षा जास्त पंखे जोडताना बोर्डाच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा. ती सहसा १ अँपिअर असते. समोरचे दोन्ही पंखे स्प्लिटरने एकाच हेडरवर घेतले तर ते एकत्र वागतात, हे सोयीचं.

ग्राफिक्स कार्ड शेवटी. मोठ्या कार्डाला खालून आधार द्या. नव्या सोळा पिनांच्या वीजजोडणीचं कार्ड असेल तर प्लग पूर्ण आत बसेपर्यंत दाबा आणि प्लगपासून निदान तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवूनच वळवा. अर्धवट बसलेला प्लग तापून वितळू शकतो, इथे घाई करू नका.

पंख्यांचा आलेख: अर्धी शांतता इथे मिळते

चांगले सुटे भाग घेऊन लोक इथे मशीन बिघडवतात. कारण बायोसमधली मूळ सेटिंग प्रत्येक वेळी प्रोसेसर दोन सेकंद तापला की पंखे उडवते. आजचे प्रोसेसर लहानशा जागेत एकदम शक्ती ओततात, त्यामुळे ब्राउझरचं पान उघडतानाही तापमान क्षणभर १५-२० अंशांनी उसळतं आणि लगेच उतरतं. हीटसिंक तेवढ्यात तापतही नाही, तरी पंखा मात्र हुंकारतो. आपला कान एकसारख्या आवाजाला थोड्या वेळात विसरतो, बदलत्या आवाजाला विसरत नाही. म्हणून सतत ७०० आरपीएमला फिरणारा पंखा, ५०० आणि ९०० च्या मध्ये झुलणाऱ्यापेक्षा शांत वाटतो.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक पंख्याशी ओळख. विंडोजवर 'फॅन कंट्रोल' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर एलएम-सेन्सर्सबरोबर येणारं फॅनकंट्रोल. एक एक पंखा हाताने किमान गतीपासून ५०-५० आरपीएमने वाढवत जा आणि डोळे मिटून ऐका. तुम्हाला दिसेल की काही ठरावीक गतींना अचानक घुमारा येतो आणि पुढे पुन्हा नाहीसा होतो. ९ पात्यांचा पंखा १००० आरपीएमला सेकंदाला १५० वेळा हवा कापतो. तो सूर पत्र्याच्या किंवा पंख्याच्या चौकटीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की हे होतं. ते आकडे लिहून ठेवा आणि आलेखात, म्हणजे कोणत्या तापमानाला किती गती हे ठरवणाऱ्या रेषेत, ती गती टाळा. दोन सारखे पंखे अगदी थोड्या फरकाने फिरत असतील तर आवाज हळूहळू चढतो-उतरतो. अशा वेळी एकाची गती शंभरेक आरपीएमने मुद्दाम वेगळी करा.

मग आलेख असा आखा. प्रोसेसर ६० अंशांच्या खाली असेपर्यंत पंखा एकाच कमी गतीला, सपाट रेषेत. तिथून ८० अंशांपर्यंत अगदी सौम्य चढ. ८५ च्या पुढे तीव्र चढ, कारण तिथे आवाजापेक्षा यंत्राची काळजी महत्त्वाची. त्याबरोबर प्रतिसादाचा विलंब वाढवा: वर जाताना पाच-सहा सेकंद, खाली येताना त्याहून जास्त. वेगवेगळ्या बोर्डांवर याला वेगवेगळी नावं आहेत, पण पंख्यांच्या पानावर ही सोय बहुधा असते. एवढ्या एका बदलाने अनेक मशीनचा त्रास संपतो.

कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. गेममध्ये उष्णता ग्राफिक्स कार्डाची असते. फॅन कंट्रोलमध्ये दोन्हींपैकी जे जास्त तापलं असेल त्यावर गती ठरवता येते, आणि तीच रचना बरोबर. कार्डाचे पंखे थांबलेल्या अवस्थेतून वारंवार सुरू-बंद होत असतील तर कॅबिनेटचे पंखे थोडे वर ठेवा, म्हणजे कार्ड त्या उंबरठ्याला पोहोचतच नाही.

तापमानाच्या आकड्याची भीती बाळगू नका. पूर्ण भाराखाली प्रोसेसर ८० ला असणं म्हणजे बिघाड नाही. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले आहेत, ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे. ७० वर आणण्यासाठी पंखे पळवले तर चिपला विशेष काही मिळत नाही आणि तुमचे कान मात्र दमतात.

तपासणी

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालू ठेवून मशीनवर तुमचं नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा. हीटसिंक आणि आतली हवा स्थिर व्हायला एवढा वेळ लागतो, पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. फरमार्क आणि प्राइम९५ ही कार्डावर आणि प्रोसेसरवर भार टाकणारी सॉफ्टवेअर एकत्र चालवून मशीनला टोकाला नेण्याची चाचणी सुरक्षिततेसाठी एकदा ठीक आहे, पण आलेख त्यावर आखू नका. आकडे नोंदवताना खोलीचं तापमानही लिहा. खोली ३२ अंश आणि प्रोसेसर ८२, हे खोली २२ आणि प्रोसेसर ७२ एवढंच चांगलं किंवा वाईट आहे.

आता बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान एक-दोन अंशांनीच उतरलं तर कॅबिनेटची हवा नीट वाहते आहे. पाच-सात अंशांनी किंवा जास्त उतरलं तर हवा कुठेतरी अडते आहे. समोरचा फिल्टर, उलटा लागलेला पंखा किंवा भिंतीला टेकलेली मागची बाजू, या क्रमाने शोधा.

आवाज कुठून येतो ते शोधायला सॉफ्टवेअरमधून एकेक पंखा थोडा वेळ थांबवा. फोनवरचं डेसिबलचं ॲप खरा आकडा देत नाही, इतक्या हळू आवाजाला फोनचा माइक पुरेसा नसतो. पण फोन एकाच जागी ठेवून बदलाआधी आणि बदलानंतर तुलना करायला ते चालतं.

मग मशीनची जागा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, तरी टेबलावर कानाजवळ असलेलं मशीन खाली बाजूला ठेवल्याने लक्षात येण्याजोगा फरक पडतो. गालिच्यावर ठेवू नका, तळाची हवा बंद होते. कोपऱ्यात दाबून ठेवू नका, दोन भिंतींवरून आवाज परत येतो आणि गरम हवाही. पायांखाली मऊ रबर असेल तर टेबलाचा किंवा फळीचा पोकळ घुमारा जातो.

पुढची देखभाल

फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. हीटसिंकमधली धूळ वर्षातून एकदोनदा हवेच्या झोताने काढा. झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा झोताने त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. तोच भार, तीच खोली, आणि तरी तापमान आधीच्या नोंदीपेक्षा आठ-दहा अंशांनी चढलेलं दिसलं, धूळही नसेल, तर थर्मल पेस्ट बदलण्याची वेळ आली आहे. कूलर काढण्याआधी प्रोसेसरवर काही मिनिटं भार टाकून पेस्ट मऊ होऊ द्या, मशीन बंद करून वीज काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे थोडा पिळून सैल करा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या मशीनवर सरळ ओढलं तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.